संथ, सावकाश, निवांत : समीक्षेतील एका आळसाविषयी

मराठीतील कादंबरीपरीक्षणे नेमाने वाचणाऱ्याला एक वाक्य पाठ झालेले असते : 'कादंबरीची गती काहीशी संथ आहे.' हे वाक्य बहुधा शेवटून दुसऱ्या परिच्छेदात येते. त्याच्या आधी 'तथापि' असतो आणि नंतर 'असे असले तरी' असते. परीक्षकाने दोष दाखवण्याचे कर्तव्य पार पाडलेले असते आणि लेखकालाही फारसे लागलेले नसते. हेच विशेषण दुसऱ्या एखाद्या परीक्षणात प्रशंसा म्हणून अवतरते. तेथे कादंबरी 'संथ लयीत उलगडत जाते' आणि तिच्या या संथपणामुळेच ती 'जीवनाच्या मुळाशी' पोहोचते. एकच शब्द एकाच व्यवहारात निंदेसाठीही चालतो आणि स्तुतीसाठीही चालतो, आणि तो नेमके काय सांगतो असे कोणी विचारत नाही. अशा वेळी त्या शब्दाने काही सांगणे सोडून दिले आहे, असे समजायला हरकत नाही.

प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे, की आपल्या समीक्षेतला 'संथ' हा मराठी शब्द राहिलेला नाही. तो 'स्लो' या इंग्रजी शब्दाचा मराठी वेष आहे. वेष मराठी असल्याने त्याच्याकडे कोणी ओळखपत्र मागत नाही. मराठीत या अर्थक्षेत्रात सात-आठ शब्द नांदत असताना, आणि प्रत्येकाचे काम वेगळे असताना, समीक्षेने त्यांतला एक उचलला, त्याच्यावर इंग्रजी शब्दाचे सगळे ओझे लादले आणि बाकीच्यांना बोलीच्या अंगणात सोडून दिले. यात तोटा केवळ भाषेचा असता तर त्याची वाट कोशकारांनी लावली असती. येथे तोटा निर्णयाचा आहे, साहित्यकृतीविषयी काय खरे आहे हे कळण्याचा आहे.

समीक्षकांनी जे केले नाही ते मुंबईच्या उपनगरी प्रवाशांनी केव्हाच केले आहे, म्हणून आधी त्यांच्याकडे जाऊ. घाटकोपरहून मुलुंडला जाणारी 'स्लो' गाडी विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर अशी थांबत जाते. अंधेरीहून बोरिवलीला जाणारी जोगेश्वरी, राम मंदिर, गोरेगाव, मालाड, कांदिवली अशी थांबते. दोन स्थानकांच्या मध्ये ही गाडी काही रेंगाळत नाही. तिला उशीर होतो तो थांब्यांमुळे. म्हणजे 'स्लो' हे येथे गतीचे विशेषण नाही, ते थांब्यांच्या संख्येचे विशेषण आहे. प्रवाशाला हे इतके पक्के ठाऊक असते की पावसाळ्याच्या एखाद्या सकाळी तो सहज म्हणतो, 'आज फास्ट फारच स्लो चालली आहे.' या वाक्यात ऐकणाऱ्याला कसलाही विरोधाभास जाणवत नाही. एक शब्द गाडीच्या प्रकाराविषयी आहे, दुसरा तिच्या चालीविषयी. पश्चिम मार्गावरच्या काही गाड्या तर अंधेरीपर्यंत फास्ट आणि पुढे स्लो असतात. आणि आपल्या कित्येक कादंबऱ्यांचे याहून नेमके वर्णन करता येणार नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

रेल्वेने या 'स्लो'साठी मराठीत 'धीमी' हा शब्द घेतला. रविवारच्या मेगाब्लॉकच्या सूचनांत 'धीम्या मार्गावर वळवण्यात येतील' असे वर्षानुवर्षे वाचायला मिळते. शुद्धिवाद्यांना त्यात हिंदीचा वास येतो. पण त्याच्या जागी दुसरे शब्द घालून पाहावे. सोस्यूरने शब्दाचे मूल्य शेजारच्या शब्दांवरून ठरते असे म्हटले. त्याच्यानंतरच्या संरचनावाद्यांनी त्यातून विनिमयाची कसोटी काढली : एका घटकाच्या जागी दुसरा ठेवा आणि अर्थ हलतो का पाहा. 'मंद लोकल' म्हटले की गाडीची बुद्धी काढल्यासारखे होते. 'हळू लोकल' हे मराठीच नव्हे, कारण 'हळू' क्रियेला चिकटतो, वस्तूला चिकटायला कां-कू करतो. 'सावकाश लोकल' म्हणजे जिच्यात उतारूंना घाई नाही अशी. ती अजून कोणी पाहिलेली नाही. 'निवांत लोकल' मात्र असू शकते : दुपारी दोनच्या सुमाराची, खिडकीची जागा मिळालेली, मग ती फास्ट असो की स्लो. आणि 'संथ लोकल' म्हणजे रुळांवर पाणी साचल्यावर कुर्ल्याच्या अलीकडून पलीकडे सरपटत जाणारी. तीही फास्ट असू शकते. पाच शब्द, पाच वेगळ्या गाड्या. या पाचही ठिकाणी इंग्रजीत 'स्लो' म्हटले तर ते अगदीच चुकीचे ठरणार नाही, आणि नेमकी हीच आपल्या समीक्षेची अडचण आहे.

यावरून इंग्रजी भाषा या बाबतीत दरिद्री आहे असे कोणी समजू नये. तिच्याही घरात या शब्दांचे मोठे गोत आहे, आणि त्यांच्यातली अंतरे आपण शिकवत नाही एवढेच. 'स्लो'चे मूळ जुन्या इंग्रजीत सुस्ती, जडपणा, बुद्धीचा मठ्ठपणा यांकडे जाते. त्याचेच भावंड 'स्लॉथ', ख्रिस्ती परंपरेतल्या सात महापातकांपैकी एक. म्हणजे या शब्दाच्या पोटात मुळापासून ठपका आहे. 'लेझर्ली' अगदी वेगळ्या कुळातला. त्याच्यामागे परवानगी असणे, मुभा असणे हा लॅटिन अर्थ आहे. ज्याला कोणी जाब विचारणार नाही तो 'लेझर्ली' चालतो. दिवसभर उभे राहून काम करणारा मजूर संध्याकाळी 'स्लो' चालेल, पण त्याला 'लेझर्ली' म्हणणे ही क्रूर थट्टा ठरेल. 'टार्डी' म्हणजे वेळेवर न येणारा, त्याची चाल कशीही असो. 'डेलिबरेट' म्हणजे तोलूनमापून केलेले. तेथे मंदगती हे विचाराचे लक्षण असते.

शांततेचे शब्द तर आणखी गमतीचे. 'कॉम' हा शब्द ग्रीकमधल्या उष्णतेच्या शब्दापासून उत्तर-लॅटिन आणि दक्षिण युरोपातील भाषांतून आला असे व्युत्पत्तिकार सांगतात. भर दुपारी ऊन तापते, वारा पडतो, माणसे आणि गुरे सावलीला बसतात, ती वेळ म्हणजे 'कॉम'. 'सरीन' हे निरभ्र आकाशाचे विशेषण. 'स्टिल' म्हणजे हलत नसलेले. प्रेतही 'स्टिल' असते, ते 'कॉम' नसते. 'कंपोज्ड' म्हणजे विस्कटू शकले असते पण एकत्र बांधून ठेवले आहे असे. 'प्लॅसिड' शब्दात तर आज थोडी चेष्टाच असते; गाय 'प्लॅसिड' असते, आणि एखाद्या माणसाला तसे म्हणणे हा काही गौरव नव्हे.

आता मराठीकडे यावे. 'हळू' ही 'लघू'ची संतती. त्याचा गाभा वजनाचा आहे, वेगाचा नव्हे. म्हणून आपण हळू बोलतो, हळू ठेवतो, दार हळू लावतो. या कोणत्याही ठिकाणी वेळ किती लागला हा प्रश्न नाही. आवाज, धक्का, भार कमी असावा एवढीच अपेक्षा आहे. 'हळुवार' या शब्दात तर वेग पार नाहीसा झाला आहे. इंग्रजी 'स्लो' जडत्वाकडून येतो आणि मराठी 'हळू' हलकेपणाकडून. शब्दकोशात मात्र दोघे एकमेकांसमोर समान चिन्ह घालून बसवलेले असतात.

'सावकाश' फोडून पाहिला की त्यात 'अवकाश' सापडतो : ज्याला जागा आहे, सवड आहे, तो. 'लेझर्ली'ला मुभा लागते, 'सावकाश'ला जागा लागते. पंगतीत यजमान 'सावकाश होऊ द्या' म्हणतो तेव्हा तो जेवणाऱ्याला घास मोठ्या अंतराने घ्यायला सांगत नसतो. तुमच्यासाठी जागा राखून ठेवली आहे, मागून दुसरी पंगत ढकलत नाही, असे तो सांगतो. (हल्लीच्या कार्यालयांत मागे दुसरी पंगत उभीच असते, तरी वाक्य टिकून आहे.) फारसीतून आलेले 'आस्ते' आणि 'दमाने' हे आणखी दोन. पहिल्यात दरबारी चालीची अदब आहे, दुसऱ्यात श्वासाची काळजी आहे. डोंगर चढणाऱ्याला 'दमानं घे' म्हणतात. 'संथ घे' असे कोणी म्हणत नाही.

'संथ' हे मुळात प्रवाहाचे विशेषण आहे. नदी संथ असते, पाणी संथ असते, आवाज संथ असू शकतो. त्यात दोन गोष्टी एकत्र लागतात : गती कमी असणे आणि ती अखंड, एकसारखी असणे. उसळी नाही, खंड नाही. जी वस्तू थांबत थांबत जाते ती कितीही वेळ घेवो, ती संथ नव्हे. खाचखळग्यांतून अडत जाणारी बैलगाडी संथ नव्हे. धीमी लोकलही म्हणूनच संथ नव्हे. वृत्तपत्रांनी 'मतदान संथ गतीने' असे लिहायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी या शब्दातला एकसारखेपणा टाकून दिला आणि कमी वेग तेवढा ठेवला. समीक्षकांनी शब्द घेतला तो या वृत्तपत्री अवस्थेतला.

'मंद'ला दोन तोंडे आहेत, पण ती संस्कृतातूनच आहेत. वारा, प्रकाश, सुगंध, स्मित मंद असले तर बरे वाटते. बुद्धी, भूक, बाजार मंद असले तर वाईट. शनीला 'मंद' म्हणतात तेव्हा चाल आणि भय दोन्ही त्यात येतात. 'मंदाक्रान्ता' या वृत्ताच्या नावात पाऊल हळू टाकणे आहे. पण त्याची सतरा अक्षरे पाहिली तर आरंभी चार गुरू, मग पाच लघूंची सलग धाव, मग पुन्हा गुरुलघूंचा चढउतार. चौथ्या आणि दहाव्या अक्षरावर यती. म्हणजे मंद म्हणवणारे हे वृत्तही ओळीच्या मध्ये चांगलेच पळते. नावावरून वृत्ताची गती ठरवणारा विद्यार्थी आणि आशयावरून कादंबरीची गती ठरवणारा परीक्षक एकाच शाळेतले.

या शेवटच्या वाक्याला पुरावा हवा, तो देतो. 'बनगरवाडी' (१९५५) ही संथ कादंबरी आहे असे आपण किती वर्षे ऐकत आलो आहोत! तिच्यातले धनगरांचे जीवन संथ आहे हे खरे मानू. मेंढरे चरतात, ऋतू पालटतात, चावडीवर माणसे बसून राहतात. पण माडगूळकरांचे कथन संथ आहे का? वाक्ये आखूड. प्रसंग येतो, दोन-चार रेषांत उभा राहतो आणि संपतो. मास्तर येतो, शाळा भरते, कारभाऱ्याशी जुळते आणि बिनसते, तालीम बांधली जाते, राजा येऊन जातो, दुष्काळ पडतो, वाडी उठते. एका लहानशा पुस्तकात एका वस्तीचा असा उदय आणि अस्त मावतो. ही मराठीतल्या वेगवान कादंबऱ्यांपैकी एक आहे. संथ आहे तो विषय, आणि तोही शेवटी नव्हे. वाचकावर जो परिणाम होतो त्याला एखादा शब्द द्यायचाच तर तो 'निवांत'च्या जवळ जाईल, आणि दुष्काळाच्या प्रकरणांनंतर तोही परत घ्यावा लागेल.

'कोसला' (१९६३) घ्या. पांडुरंग सांगवीकरची वर्षेच्या वर्षे भराभर उडून जातात, वाक्ये धावतात, यादी करावी तसे प्रसंग येतात. मग मनीचा मृत्यू येतो आणि ते सगळे धावणे अडते. तेथे कादंबरी 'संथ होते' असे म्हणणे हा केवळ शब्दाचा गैरवापर नाही, तो वाचनाचा गुन्हा आहे. संथपणात एकसारखेपणा असतो; येथे तर सगळा एकसारखेपणा मोडतो. जी. ए. कुलकर्णींच्या 'काजळमाया'तल्या (१९७२) कथांनाही आपण संथ म्हणतो. त्यांचे वाक्य प्रतिमांनी इतके दाटलेले असते की वाचकाला भरभर जाता येत नाही. हा दाटपणा आहे. डांबरातून चालणारा आणि उद्यानातून फिरणारा दोघेही सारख्याच वेगाने चालले तरी त्यांच्या चालण्याला एक नाव देता येणार नाही. उलट बाजूने 'रणांगण' (१९३९) : बोटीवरचे मोजके दिवस, कथेतला काळ अगदी थोडा, समुद्र संथ, आणि तरीही पुस्तक धाप लागल्यासारखे वाचावे लागते.

जेनेतने १९७२ मध्ये कथनाच्या कालावधीची जी मांडणी केली ती आपल्याकडे पदव्युत्तर वर्गांना आता अनोळखी नाही. कथेत किती काळ गेला आणि तो सांगायला संहितेची किती जागा लागली, या दोहोंचे गुणोत्तर म्हणजे कथनाची गती. त्यातून संक्षेप, दृश्य, विराम, लोप असे चार प्रकार निघतात. विद्यार्थी उत्तरपत्रिकेत हे चारही प्रकार बिनचूक लिहितात आणि पुढच्याच प्रश्नात एखाद्या कादंबरीविषयी 'निवेदन संथ आहे' असे लिहून मोकळे होतात. दोष विद्यार्थ्यांचा नाही. जेनेत त्यांना सिद्धान्त म्हणून शिकवला जातो आणि 'संथ' ते आपल्या थोरांच्या परीक्षणांतून उचलतात. दोहोंची गाठ घालून देण्याची जबाबदारी कोणी घेतलेली नाही. वास्तविक लोकलच्या दाराशी उभे राहून ही गाठ घालता येते : गाडीची चाल एक, थांबे दुसरे, आणि उभ्याने प्रवास करणाऱ्याला वाटणारी लांबी तिसरी. पहिली संहितेच्या वाक्याची गोष्ट, दुसरी रचनेची, तिसरी वाचकाची. परीक्षक बहुतेक वेळा तिसरीविषयी बोलत असतो, म्हणजे स्वतःच्या कंटाळ्याविषयी, आणि तो कादंबरीच्या नावावर खर्ची टाकतो.

'संथ लय' या जोडीविषयी वेगळे लिहावे लागेल, कारण येथे गोंधळ दुहेरी आहे. गवई 'लय' म्हणतो तेव्हा त्याला दोन मात्रांमधले अंतर अभिप्रेत असते : ठाय, दुगुन, विलंबित, मध्य, द्रुत. मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात 'लय' शब्द घेतला तो संवाद, विरोध आणि समतोल या संबंधांतून होणाऱ्या संघटनेसाठी. त्या लयीला वेग नाही. चित्रालाही ती असते, आणि चित्र संथ किंवा जलद नसते. मर्ढेकरांचा सिद्धान्त मान्य असो वा नसो, त्यातली 'लय' ही गवयाची लय नव्हे एवढे तरी मान्य करावे लागते. 'कादंबरीची लय संथ आहे' असे लिहिणाऱ्याला मात्र दोन्ही हव्या असतात : मर्ढेकरांकडून प्रतिष्ठा आणि गवयाकडून वेग.

आणि गवयाकडे गेलो तरी 'विलंबित' म्हणजे 'संथ' नव्हेच. उस्ताद अमीर खाँ यांचा अतिविलंबित झूमरा ज्याने ऐकला आहे त्याला हे सांगायला नको. मात्रा चौदाच असतात. त्यांच्यामधली जागा वाढलेली असते आणि त्या वाढलेल्या जागेत ऐकणाऱ्याचे लक्ष ताणलेले असते. समेवर येण्याच्या क्षणी जो ताण सुटतो तो संथ पाण्यात कधी तयारच होत नाही. गंमत अशी की 'विलंब' या शब्दाचा उपनगरी मराठीतला अर्थ 'उशीर' एवढाच उरला आहे. त्याबद्दल फलाटावर दिवसाकाठी कित्येकदा दिलगिरी व्यक्त होते. संगीतात विलंबित असणे म्हणजे उशिरा येणे नव्हे. सम आपल्या जागी येते.

हाच घोटाळा 'शांत' शब्दाने अधिक वरच्या पातळीवर केला. वर्ड्‌स्वर्थने 'लिरिकल बॅलड्‌स'ला १८०० मध्ये जोडलेल्या प्रस्तावनेत काव्याचा उगम निवळलेल्या मनःस्थितीत भावनेचे स्मरण करण्याशी जोडला. त्याचा शब्द 'ट्रॅंक्विलिटी'. मराठी पाठ्यपुस्तकांनी तेथे 'शांतपणा' ठेवला आणि मग शांतरसाकडे जाणारा पूल आपोआप तयार झाला. या पुलावरून तुलनात्मक साहित्याचे बरेच लेख सुखरूप पार पडले आहेत. वर्ड्‌स्वर्थ त्याच ठिकाणी पुढे काय म्हणतो हे या लेखांत सहसा येत नाही. भावनेचे चिंतन करता करता ती शांतता हळूहळू नाहीशी होते, मूळ भावनेची आप्त अशी दुसरी भावना मनात प्रत्यक्ष उभी राहते, आणि तेव्हा रचना सुरू होते. म्हणजे त्याची 'ट्रॅंक्विलिटी' ही काव्याची पूर्वावस्था आहे आणि काव्य सुरू होण्यासाठी ती जावी लागते. शांतरसाचे याच्या उलट आहे. आनंदवर्धनाने महाभारताचा प्रधान रस शांत ठरवला. अठरा अक्षौहिणींचा संहार सांगणारे काव्य 'शांत' कसे, असा प्रश्न ज्याला पडत नाही त्याने 'शांत' शब्द वाचलाच नाही. 'शांत' हे भूतकालवाचक धातुसाधित आहे : शमलेले. जे शमले ते आधी पेटलेले असले पाहिजे. एकीकडे शांततेतून भावनेकडे जाणे, दुसरीकडे भावनांच्या राखेतून शमाकडे जाणे. एका प्रतिशब्दाने दोन उलट दिशांचे प्रवासी एकाच डब्यात बसवले.

'धीर' शब्दाचीही हीच गत झाली असती. नाट्यशास्त्राच्या परंपरेने ती वाचवली. नायकाचे चार प्रकार करताना धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत या तिघांबरोबर धीरोद्धतही सांगितला. उद्धत माणूस धीर असू शकतो! म्हणजे धीर ही शांतता नव्हे, गतीही नव्हे. ती मनाची पकड आहे. तिला प्रशांततेची जोड वेगळी द्यावी लागते. इतकी बारीक विभागणी करणारी परंपरा ज्यांच्या पाठीशी आहे त्यांनी सगळे काम 'संथ' आणि 'शांत' या दोन शब्दांवर भागवावे, याचे आश्चर्य वाटते.

या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही गंभीर माणसांकडून येतील. पहिला परिभाषावाद्यांचा : समीक्षेला बोलीतल्या छटा नकोत, एक संकल्पना आणि एक संज्ञा हवी, म्हणून 'संथ' हाच पारिभाषिक म्हणून ठरवून टाकावा. तत्त्व मान्य. पण संज्ञा ठरवण्याआधी संकल्पना ठरलेली असावी लागते. वाक्याची चाल, रचनेतले थांबे, मजकुराचा दाटपणा, विषयातले जीवन आणि वाचकाचा अनुभव अशा किमान पाच गोष्टींना एक संज्ञा देणे ही परिभाषा नव्हे. दुसरा आक्षेप व्यवहारवाद्यांचा : मग 'टेम्पो', 'पेस', 'ड्युरेशन' हेच शब्द देवनागरीत लिहा आणि मोकळे व्हा. लिहायला हरकत नाही. 'लोकल' आपण लिहितोच. परंतु उपनगरातल्या प्रवाशाने 'स्लो' घेतला तो त्याचा एक निश्चित अर्थ ठरवून. समीक्षक 'पेस' घेतो तेव्हा तो कोणताही अर्थ ठरवत नाही. त्याचे फक्त 'संथ' लिहिण्याचे श्रम वाचतात.

तिसरा एक पक्ष आहे, तो आक्षेप घेणार नाही. तो या लेखाचे स्वागत करील, आणि प्रस्तुत लेखकाला त्याचीच अधिक धास्ती वाटते. त्याचे म्हणणे असे : संथपणा हाच आपला देशी गुण, वेग हा पाश्चात्त्य, नागर, यंत्रयुगाचा. कीर्तन संथ, ओवी संथ, खेडे संथ. म्हणून संथ कादंबरी अस्सल. या मांडणीत निंदेच्या जागी स्तुती येते, शब्द तोच राहतो. पूर्वेला स्थितिशील आणि मंद ठरवण्याचे काम युरोपीय लेखकांनी एकोणिसाव्या शतकात पुष्कळ केले. 'स्लो'च्या पोटातला तो ठपका तेव्हा आपल्या अंगाला चिकटला. तो पुसण्याऐवजी त्याचा टिळा लावण्याला देशीपणा म्हणता येत नाही. जात्यावरची ओवी संथ असते असे म्हणणाऱ्याने जाते कधी ओढलेले नसावे. तिची चाल दळणाऱ्या हाताने ठरते, भरड आणि बारीक दळणाने ठरते, दुसऱ्या खुंट्याला जोडीदारीण आहे की नाही यावर ठरते. आणि पश्चिमेलाही मंदगतीचे समर्थक काही कमी नाहीत. नीत्शेने १८८६ च्या एका प्रस्तावनेत भाषाशास्त्राचा अभिमान धरला तो ते हळू वाचायला शिकवते म्हणून. कुंदेराने १९९५ मध्ये 'ला लांतर' ही कादंबरी याच विषयावर लिहिली. तिच्या शीर्षकातल्या फ्रेंच शब्दामागे लवचीक, चिवट असा अर्थ असलेले लॅटिन विशेषण आहे, आणि तो अर्थ 'स्लो'तही नाही नि 'संथ'मध्येही नाही.

याच पक्षाच्या हिशेबात मुंबईचे लेखन 'वेगवान' ठरते. भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'बद्दल (१९६५) महानगरी वेगाची भाषा वापरली जाते. त्या पुस्तकातली पोरे करतात काय? नाक्यावर उभी असतात. त्यांना जायला कुठे जागा नाही, काम नाही, वेळ मुबलक आहे. त्यांच्यापाशी अवकाश नाही म्हणून ती सावकाश नाहीत. त्यांना कोणी बसू देत नाही म्हणून ती स्वस्थ नाहीत. आणि ती निवांत तर नाहीतच. वेग आहे तो त्यांच्या बोलण्याला. उभे राहण्याचा आणि बोलण्याचा हा विषम मेळ पाध्यांनी कसा साधला, हा 'वासूनाका'विषयीचा खरा प्रश्न होता. त्या पुस्तकाच्या अश्लीलतेवर जेवढी शाई खर्च झाली, तिच्यातली चमचाभर तरी या प्रश्नाच्या वाट्याला यायला हवी होती.